इंजिनचं नाव आणि आवृत्ती बदलली, आता चालू गेमचं काय? अपडेट करण्याची सविस्तर पद्धत

एडिटर उघडावा तर नवा लोगो, नवं नाव, आवृत्तीचा आकडा एकदम कुठल्या कुठे गेलेला. अशा वेळी अर्धा झालेला गेम हाताशी असलेल्या माणसाला बाकी कशाशीच देणंघेणं नसतं. आपला प्रोजेक्ट यात उघडेल का, आणि उघडला तर पूर्वीसारखाच चालेल का, एवढंच त्याला हवं असतं. युनिटी, गोडो, अनरिअल, गेममेकर यांतलं गेम बनवण्याचं कुठलंही इंजिन तुम्ही वापरत असा, खाली दिलेला क्रम सगळीकडे लागू पडतो. फाइलींची नावं तेवढी वेगळी असतील.

आधी ओळखा: बदललंय काय?

घोषणा एकच असते, पण तिच्यात चार वेगळे बदल असू शकतात: नाव, कोडमधली फंक्शन्स आणि क्लास, प्रोजेक्ट फाइलींची रचना, आणि वापराच्या अटी. हे चारही एकाच वेळी बदलतात असं नाही. नुसतं नाव बदललं असेल तर अर्ध्या तासाचं काम असतं. फाइलींची रचना बदलली असेल तर परतीचा रस्ता बंद होतो, म्हणून तयारीही त्याच मापाची लागते.

गेममेकरमध्ये हे छान दिसतं. मार्क ओव्हरमार्स यांनी १९९९ मध्ये ते 'ॲनिमो' या नावाने आणलं, पुढे ते 'गेम मेकर' झालं, २०१२ मध्ये 'गेममेकर स्टुडिओ', २०१७ मध्ये 'गेममेकर स्टुडिओ २' आणि २०२२ पासून पुन्हा नुसतं 'गेममेकर'. हे शेवटचं नामांतर सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं, पण कोड लिहिणाऱ्यांना खरा धक्का त्याआधीच, २०२० च्या २.३ आवृत्तीत बसला होता. तोवर एक स्क्रिप्ट म्हणजे एक फंक्शन असा हिशोब होता. २.३ पासून एका स्क्रिप्टमध्ये कितीही फंक्शन्स लिहिता येऊ लागली, आणि फंक्शनच्या बाहेर राहिलेला कोड गेम सुरू होतानाच चालू लागला. नाव तेव्हा जुनंच होतं.

युनिटीचंही तसंच. २०१७ पासून आवृत्त्यांना वर्षाचा आकडा असायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'युनिटी ६' आली आणि आत आकडा लागला ६०००.०. २०२२ वरून ६००० वर म्हणजे चार हजार आवृत्त्यांची झेप वाटते, पण ज्या शाखेची बांधणी २०२३ म्हणून चालली होती तिचंच हे पुढचं रूप आहे.

नामांतरामागे इंजिनचा मालक किंवा सांभाळणारा बदलला असेल तर जास्त बारकाईने बघा. कोरोना एसडीके हे इंजिन कंपनीच्या हातून सुटून २०२० मध्ये 'सोलर२डी' झालं, तेव्हा ल्युआ भाषेतला कोड बहुतांशी तसाच चालत राहिला. पॅराडॉक्स या इंजिनचं झेंको झालं आणि झेंकोचं २०२० मध्ये स्ट्राइड, तेव्हा नेमस्पेसच (कोडमधल्या क्लासांचं जणू आडनावच) बदलला, म्हणजे प्रत्येक फाइलीच्या पहिल्या ओळींना हात लावणं आलं. ॲमेझॉनच्या लंबरयार्डची जागा २०२१ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालच्या 'ओपन ३डी इंजिन'ने घेतली, पण त्यात रेंडररसकट (पडद्यावर चित्र काढणाऱ्या भागासकट) बराच भाग नव्याने लिहिलेला होता. अशा वेळी ते अपडेट नसून स्थलांतर आहे असं धरूनच वेळ काढावा.

तेव्हा पहिलं काम हे: रिलीज नोट्स आणि 'मायग्रेशन गाइड' उघडा, आणि वरच्या चारांपैकी प्रत्येकापुढे 'बदललं' किंवा 'नाही' लिहा. घोषणेच्या व्हिडिओत नवी वैशिष्ट्यं सांगतात. काय मोडणार आहे ते मायग्रेशन गाइडमध्येच सापडतं.

अपडेट करायचं की नाही

माझं मत स्पष्ट आहे. गेम प्रकाशनाच्या तोंडावर असेल तर मोठी आवृत्ती बदलू नका, नवी प्रकाशव्यवस्था कितीही देखणी असो. गेम बाहेर पडल्यावर निवांत बदला.

पण काही कारणं अशी असतात की थांबून चालत नाही. २ ऑक्टोबर २०२५ ला युनिटीने एक सुरक्षा त्रुटी जाहीर केली. २०१७.१ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत अँड्रॉइड, विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी बनवलेले गेम तिच्या कक्षेत येत होते. असं काही आलं की जुना, बाहेर पडलेला गेमसुद्धा दुरुस्त करावाच लागतो. दुसरं कारण स्टोअरच्या अटी. गूगल प्लेने १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्या आवृत्तीला लक्ष्य करणाऱ्या नव्या ॲप्सना आणि अपडेट्सना १६ केबीच्या मेमरी पेजची (मेमरी ज्या तुकड्यांत वाटली जाते त्यांच्या या आकाराची) साथ देणं बंधनकारक केलं. इंजिनचा आतला भाग त्याप्रमाणे बांधलेला नसेल तर तुम्ही आपल्या कोडमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, इंजिनच नवं घ्यावं लागतं.

दोन्ही वेळा एक गोष्ट लक्षात ठेवा: दुरुस्ती बहुधा तुमच्या चालू शाखेतही मिळते. २०२२.३ वर असाल तर त्याच २०२२.३ ची पुढची पॅच आवृत्ती घ्या. त्यासाठी युनिटी ६ वर उडी मारायची गरज नाही. शेवटचा आकडा बदलणं आणि पहिला आकडा बदलणं यांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शाखेला आधार किती काळ आहे तेही तपासा. युनिटीच्या एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या, आवृत्तीला सर्वसाधारण वापरासाठी दोन वर्षं दुरुस्त्या मिळतात. तुमचा गेम त्या मुदतीच्या पुढे लांबणार असेल तर मधल्या टप्प्यावर, काम शांत असताना, अपडेट उरकून घ्या.

अटी वाचा, आणि जपून ठेवा

हे काम बहुतेक जण शेवटी करतात. ते आधी व्हायला हवं, कारण अटी परवडणार नसतील तर पुढची सगळी मेहनत फुकट.

१२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीने इन्स्टॉलवर आधारलेली 'रनटाइम फी' जाहीर केली तेव्हा जगभरच्या लहान स्टुडिओंची झोप उडाली. पुढच्याच महिन्यात युनिटीचे मुख्य अधिकारी पायउतार झाले, आणि बरोबर वर्षाने, १२ सप्टेंबर २०२४ ला, गेमसाठीची ती फी रद्द झाली. त्याच वेळी मोफत 'पर्सनल' आवृत्तीची उत्पन्नमर्यादा एक लाख डॉलरवरून दोन लाख डॉलर झाली आणि युनिटी ६ मध्ये सुरुवातीचा 'मेड विथ युनिटी' पडदा ऐच्छिक झाला. एका वर्षात अटी दोनदा उलटसुलट होऊ शकतात, हे इथून शिकण्यासारखं आहे.

अनरिअलमध्ये एका गेमचं एकूण उत्पन्न दहा लाख डॉलरच्या पुढे गेलं की वरच्या रकमेवर पाच टक्क्यांचा हिस्सा लागतो. गेममेकर नोव्हेंबर २०२३ पासून अव्यावसायिक वापराला मोफत आहे. व्यावसायिक वापरासाठी एकदाच पैसे भरायचे, पण खेळाच्या कन्सोलसाठी (प्लेस्टेशनसारख्या यंत्रांसाठी) वर्गणी वेगळी. गोडो एमआयटी परवान्याखाली आहे, पैसे नाहीत, मात्र परवान्याचा मजकूर गेमसोबत कुठेतरी, बहुधा श्रेयनामावलीत, द्यावा लागतो.

तुम्ही ज्या दिवशी नव्या आवृत्तीवर जाल त्या दिवशीच्या अटींची पीडीएफ काढा, फाइलीच्या नावात तारीख घाला आणि प्रोजेक्टच्या गिट रिपॉझिटरीतच (बदलांचा इतिहास राखणाऱ्या साठ्यातच) ठेवा.

जुन्या आवृत्तीचा पक्का पुरावा तयार करा

नव्या आवृत्तीत काही बिघडलं की वाद एकच होतो: 'हे आधीपासून असंच होतं की आत्ता झालं?' तो वाद आधीच मिटवून टाका.

जुन्या आवृत्तीचा पूर्ण आकडा शोधून लिहून ठेवा. युनिटीत तो 'प्रोजेक्टसेटिंग्ज' फोल्डरमधल्या 'प्रोजेक्टव्हर्जन' या मजकूर फाइलीत असतो, गोडो ४ मध्ये 'प्रोजेक्ट डॉट गोडो' मधल्या 'फीचर्स'च्या ओळीत, अनरिअलमध्ये 'यूप्रोजेक्ट' फाइलीतल्या 'इंजिन असोसिएशन'समोर, पण या दोन्हींत शेवटचा पॅच आकडा नसतो, तो एडिटरमध्ये बघा. त्याच आवृत्तीचा इन्स्टॉलर उतरवून वेगळ्या जागी ठेवा. पॅकेजच्या आवृत्त्याही याच वेळी गोठवा: युनिटीत 'पॅकेजेस' फोल्डरमधली मॅनिफेस्ट आणि लॉक या दोन्ही फाइली कमिट झालेल्या, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या, हव्यात.

मग जुन्या आवृत्तीतून एक स्वच्छ बिल्ड (खेळता येईल असा तयार गेम) काढा. एडिटरच्या कन्सोलमधल्या (संदेशांच्या खिडकीतल्या) पिवळ्या वॉर्निंग आत्ताच मिटवा. 'हे फंक्शन लवकरच काढलं जाईल' अशी वॉर्निंग आज आहे, ती नव्या आवृत्तीत लाल एरर होऊन समोर येते. जुन्या इंजिनमध्ये, सगळं चालू असताना, ती दुरुस्त करणं कितीतरी सोपं.

त्या बिल्डवर एक ठरावीक वाट खेळा: सुरुवातीचा पडदा, एक पूर्ण लेव्हल, एक मरण, सेव्ह, बाहेर पडून पुन्हा लोड. त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग ठेवा. सगळ्यांत कमजोर उपकरणावर एका फ्रेमला किती मिलिसेकंद लागतात ते नोंदवा. बिल्डचा आकार नोंदवा. आणि खेळाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या तीन-चार सेव्ह फाइली कॉपी करून बाजूला ठेवा. पुढे यांच्याइतकं कामाचं दुसरं काही नसेल.

शेवटी गिटमध्ये या जागी टॅग (नावाची खूण) लावा. युनिटीचं 'लायब्ररी', गोडो ४ चं 'डॉट गोडो', अनरिअलची 'इंटरमीजिएट' आणि 'सेव्ह्ड' ही फोल्डर गिटमध्ये नकोत, ती इंजिन स्वतः पुन्हा तयार करतं. युनिटीच्या 'मेटा' फाइली मात्र हव्यातच. त्या हरवल्या तर सीनमधले सगळे संदर्भ तुटतात.

प्लगइनची यादी

एक तक्ता करा: प्लगइनचं नाव, नव्या आवृत्तीला आधार आहे का, नसेल तर पर्याय काय. जाहिराती, ॲपमधली खरेदी, ध्वनी आणि स्टोअरची जोडणी हे चार प्रकार आधी तपासा. यांतल्या एका जरी प्लगइनला आधार नसेल तर अपडेट तिथेच थांबवा आणि त्या प्लगइनची नवी आवृत्ती येईपर्यंत वाट बघा.

प्रत उघडा, मूळ नव्हे

वेगळ्या फोल्डरमध्ये रिपॉझिटरी नव्याने क्लोन करा (तिची प्रत उतरवा), तिथे स्वतंत्र ब्रँच (मुख्य कामापासून वेगळी फांदी) काढा आणि नव्या एडिटरमध्ये ती उघडा. युनिटीच्या जुन्या आवृत्त्यांत स्क्रिप्ट बदलण्यापूर्वी एक खिडकी यायची आणि तिच्या बटणावर 'मी बॅकअप घेतला आहे, पुढे चला' अशा अर्थाचं वाक्य असायचं. घाईत ते बटण न वाचता दाबलं जातं. अनरिअल 'प्रत उघडा' असा पर्याय स्वतःहून देतं, तोच घ्या.

अंतर मोठं असेल तर टप्पे पाडा. गोडो ३ च्या सुरुवातीच्या आवृत्तीवर असाल तर आधी ३ मालिकेतल्या शेवटच्या आवृत्तीवर या, मग ४ वर. युनिटी २०१९ वरून आधी २०२२ एलटीएस, तिथे सगळं चालतंय याची खात्री, मग ६. टप्प्यांमुळे वेळ वाढतो असं वाटतं, पण एका वेळी येणाऱ्या एररची संख्या आवाक्यात राहते आणि कोणता बदल कुठल्या टप्प्यात घुसला ते कळतं.

आता या लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. प्रोजेक्ट उघडल्यावर इंजिन आपणहून शेकडो फाइली बदलतं. त्यानंतर एकाही ओळीला हात न लावता लगेच कमिट करा, आणि संदेशात लिहा: 'फक्त इंजिनने केलेलं रूपांतर'. गेम तेव्हा चालत नसेल तरी हरकत नाही. हाताने केलेले बदल त्यानंतरच्या कमिटांमध्ये. हे दोन मिसळले की पुढे कुठल्याही ओळीबद्दल 'ही इंजिनने बदलली की आपण?' याचं उत्तर मिळत नाही, आणि हजारो ओळींचा डिफ (बदललेल्या ओळींची यादी) कुणीही वाचत नाही.

या पहिल्या कमिटमध्ये अनोळखी फाइली दिसतील. गोडो ४.४ पासून, म्हणजे मार्च २०२५ पासून, प्रत्येक स्क्रिप्ट आणि शेडरच्या (पडद्यावरचं रूप ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) शेजारी 'यूआयडी' शेपटीची एक छोटी फाइल तयार होते. ती कचरा समजून पुसू नका, कमिट करा. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली तरी संदर्भ टिकतात ते तिच्यामुळेच.

एरर कोणत्या क्रमाने काढायच्या

आधी प्लगइन बंद करा, मग फक्त स्वतःचा कोड कंपाइल होईपर्यंत काम करा, मग एकेक प्लगइन परत जोडा. कन्सोलमध्ये दोनशे एरर असल्या तरी मुळाशी बहुधा पाच-सात कारणं असतात. म्हणून पहिली एरर सोडवायची, पुन्हा कंपाइल करायचं, आणि किती उरल्या ते बघायचं.

काही बदल निव्वळ नावाचे असतात. युनिटी ६ मध्ये रिजिडबॉडीची (वस्तूला भौतिक हालचाल देणाऱ्या घटकाची) 'व्हेलॉसिटी' आता 'लिनियर व्हेलॉसिटी' झाली आणि 'ड्रॅग'चं 'लिनियर डॅम्पिंग'. युनिटीचं एपीआय अपडेटर हे साधन यातलं बरंच काम स्वतः करतं. काही बदल नावाचे दिसतात पण आतून वेगळे असतात, आणि तिथेच वेळ जातो.

गोडो ४ मधलं पात्र हलवण्याचं उदाहरण जवळून बघू. जुना 'किनेमॅटिकबॉडी२डी' आता 'कॅरेक्टरबॉडी२डी' आहे. गोडोमध्ये ३ वरून ४ वर नेण्यासाठी रूपांतराचं साधन मिळतं आणि हे नाव ते बदलून देतं. पण पूर्वी 'मूव्ह अँड स्लाइड' या फंक्शनला आपण वेग आणि वरची दिशा द्यायचो, आणि धडकेनंतर उरलेला वेग ते परत करायचं. आता कंसात काहीच द्यायचं नाही. वेग हा त्या नोडचाच (सीनमधल्या त्या घटकाचाच) 'व्हेलॉसिटी' गुणधर्म आहे, वरची दिशा दुसऱ्या गुणधर्मात ठेवायची, आणि फंक्शन परत करतं ते धडक झाली की नाही एवढंच. स्क्रिप्टच्या वर तुम्ही स्वतः 'व्हेलॉसिटी' नावाचं व्हेरिएबल केलेलं असेल तर ते नोडच्या गुणधर्मावर आदळतं. तेव्हा ते व्हेरिएबल काढा, कंस रिकामा करा आणि परत येणारी किंमत वेगात साठवणारा भाग पुसा. याच धर्तीवर 'यील्ड'च्या जागी 'अवेट' आला, ट्वीन (किंमत हळूहळू बदलणारं साधन) हा नोड न राहता कोडमधून तयार करायची वस्तू झाली, आणि सिग्नल (घटना घडल्याचा इशारा) जोडताना फंक्शनचं नाव मजकुरात देण्याऐवजी फंक्शनच द्यायचं. प्रत्येक प्रकारासाठी प्रोजेक्टभर शोध घ्या आणि एका प्रकाराला एक कमिट द्या.

शोधा आणि बदला हे साधन मोह पाडतं. सगळीकडे एका दमात बदलू नका. तुमच्याच एखाद्या फंक्शनचं नाव तेच असू शकतं, आणि सीन फाइलींतला मजकूरही त्यात सापडतो.

एरर संपल्या, काम संपलं नाही

कंपाइलरला उडीची उंची कळत नाही. जुनं रेकॉर्डिंग एका बाजूला लावा आणि नव्या बिल्डमध्ये तीच वाट खेळा. अनरिअल ४ वरून ५ वर जाताना फिजिक्स पीएचवायएक्स या प्रणालीकडून केऑस या प्रणालीकडे गेलं, तेव्हा पडणारी पेटी, गाडीचं वळण, दोरीची लवचीकता हे सगळं पुन्हा जुळवावं लागतं. प्रकाश, सावल्या, पारदर्शक वस्तूंचा क्रम, फाँटची उंची, आवाजाची पातळी, कंट्रोलरची बटणं, सगळं डोळ्यांनी आणि कानांनीच तपासायचं.

सेव्ह फाइलींकडे विशेष लक्ष द्या. बाजूला ठेवलेली प्रत्येक फाइल नव्या बिल्डमध्ये उघडून बघा. डेस्कटॉपवर युनिटीत सेव्हची जागा कंपनीच्या आणि उत्पादनाच्या नावावरून ठरते, गोडोमध्ये मूळ व्यवस्थेत प्रोजेक्टच्या नावावरून. अपडेटच्या भरात सेटिंगमधलं हे नाव कुणी सहज 'नीट' केलं, तर जुन्या खेळाडूचा सगळा खेळ गायब झाल्यासारखा दिसतो. कोडमध्ये व्हेरिएबलचं नाव बदलत असाल तर युनिटीत 'फॉर्मर्ली सीरियलाइज्ड ॲज' आणि अनरिअलमध्ये 'कोअर रिडायरेक्ट' वापरा, म्हणजे जुन्या नावाखाली साठवलेल्या किमती नव्या नावाकडे पोचतात.

फ्रेमची वेळ पुन्हा मोजा, त्याच कमजोर उपकरणावर. पहिल्यांदा चालवताना शेडर नव्याने तयार होत असतात, त्यामुळे पहिलं माप सोडून द्या.

नावाचे उरलेले धागे

बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये इंजिनचा जुना मार्ग किंवा जुन्या प्रोग्रामचं नाव लिहिलेलं असतं, ते बदला. सुरुवातीचा पडदा, श्रेयनामावली आणि स्टोअरच्या पानावरचा लोगो नव्या नियमावलीप्रमाणे करा. मदत शोधताना मात्र दोन्ही नावं वापरा. गेममेकरच्या कितीतरी प्रश्नांची उत्तरं अजून 'जीएमएस२' (गेममेकर स्टुडिओ २) या शब्दाखाली सापडतात, आणि 'प्लॅस्टिक एससीएम' या जुन्या नावाखाली लिहिलेलं बरंच काही आजच्या 'युनिटी व्हर्जन कंट्रोल'लाही लागू पडतं. उत्तर कोणत्या आवृत्तीचं आहे ते बघितल्याशिवाय कोड उचलू नका.

मुख्य ब्रँचमध्ये आणताना

दिवस ठरवा आणि त्या दिवशी सगळ्यांनी आपलं काम आधी कमिट करावं. मर्ज झाल्यावर (ब्रँच मुख्य कामात मिसळल्यावर) प्रत्येकाने नवा एडिटर बसवायचा, तात्पुरती फोल्डर पुसायची आणि मगच प्रोजेक्ट उघडायचा. एक जण जुन्या आवृत्तीवर राहिला आणि त्याने सीन सेव्ह केला, तर तो सीन दोन रचनांच्या मध्ये लोंबकळतो.

गेम आधीच बाजारात असेल तर टॅग लावलेल्या जागेवरून एक वेगळी ब्रँच जुन्या इंजिनसाठी राखून ठेवा. नवी आवृत्ती खेळाडूंपर्यंत पोचून स्थिरावेपर्यंत तातडीच्या दुरुस्त्या तिथूनच बाहेर पडतील, म्हणून तोपर्यंत जुना एडिटर किमान एका संगणकावर चालू स्थितीत असू द्या. अँड्रॉइडची सही करण्याची किल्ली आणि तिचा पासवर्ड दोन्ही ब्रँचसाठी तीच आहे ना, ते एक चाचणी बिल्ड काढून आजच बघा.